फायबर बोटीवर काम करताना ग्राइंडर परत परत का जळतो: आधी वायर तपासा, मग मशीन

मासेमारी बंदी १ जूनला लागते आणि ३१ जुलैला उठते. या ६१ दिवसांत मिरकरवाडा, हर्णै, साखरीनाटे, देवगड, कुठेही जा, बोटी वर ओढून शाकारलेल्या दिसतात आणि ताडपत्रीखालून ग्राइंडरचा आवाज येत असतो. जळालेल्या मोटरची तार पुन्हा भरून देणाऱ्या आम्हा रिवाइंडिंगवाल्यांचा सीझनही हाच. टेबलावर जळालेल्या आर्मेचरचा, म्हणजे मोटरच्या आत फिरणाऱ्या तार गुंडाळलेल्या भागाचा, ढीग लागतो, आणि त्यातली निम्मी तोंडओळखीची असतात: मागच्याच आठवड्यात भरून दिलेली, परत आलेली.

फोनवरचं बोलणं दरवर्षी साधारण असंच होतं.

"भाऊ, आर्मेचर नवीन टाकलंत ना तुम्ही? परत गेलं."

"नाखवा, लाईन कुठून घेतलीय?"

"त्या बर्फाच्या गोडाऊनमधून. लाईनीला काय झालंय? बल्ब तर फुल लागतोय."

बल्ब फुल लागतो हे खरं, पण त्यावरून काहीच कळत नाही. पूर्वी पिवळा बल्ब असायचा, व्होल्टेज पडलं की तो मिणमिणायचा आणि कुणाच्याही लक्षात यायचं. आताचे बरेचसे एलईडी बल्ब दीडशे व्होल्टवरही तसेच उजळतात. ग्राइंडर मात्र दीडशे व्होल्टवर मरतो.

हे सगळं लिहायचं कारण, मशीन जळालं की लोक आधी कंपनी बदलतात, मग रिवाइंडिंगवाला बदलतात, वायर मात्र तीच राहते. माझ्या टेबलावर परत येणाऱ्या मशीनमध्ये सगळ्यात मोठा गुन्हेगार वायर असते, दुसरा नंबर फायबरच्या धुळीचा. मशीनचा स्वतःचा दोष कधीकधीच निघतो.

उघडल्यावर काय दिसतं, त्यावरून निदान

चार स्क्रू काढून मागची बॉडी ओढा. आर्मेचर बाहेर काढून उजेडात धरा. एवढ्यानेच अर्धं उत्तर मिळतं.

सगळी तार चौफेर सारखीच चॉकलेटी-काळी पडली असेल, तारेवरचं इन्सुलेशनचं वार्निश पापड्यासारखं सुटत असेल, तर मशीनवर ताण आला होता. म्हणजे व्होल्टेज कमी, किंवा दाबून घासलं, किंवा दोन्ही. बहुतेक वेळा दोन्ही असतं, कारण एकातून दुसरं येतं.

बाकी तार ठीक, पण एकदोन कॉइलच काळ्या आणि कम्युटेटरच्या (आर्मेचरच्या टोकाचा तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) दोनचार पट्ट्यांवर जळल्याचे डाग असतील, तर तिथे आतल्या आत शॉर्ट झालंय. असं बहुधा धूळ आणि ओलाव्यामुळे होतं.

आर्मेचरच्या लोखंडी पत्र्यांवर घासल्याच्या चकचकीत रेघा दिसल्या तर बेअरिंग गेलंय. बेअरिंग ढिलं झालं की आर्मेचर हलतं आणि फील्डला, म्हणजे भोवतीच्या न फिरणाऱ्या भागाला, घासतं. अशा मशीनला नुसतं आर्मेचर भरून देणं म्हणजे गिऱ्हाईकाचे पैसे पाण्यात.

आणि एक गोष्ट नेहमी राहून जाते, ती म्हणजे फील्ड कॉइल. आर्मेचर जळताना फील्डलाही चटका बसलेला असतो. वरून धड दिसते, पण आतले दोनचार वेढे एकमेकांना चिकटलेले असतात. नवीन आर्मेचर टाकलं की मशीन सुरू होतं, आवाजही बरा येतो, आणि थोड्याच वेळात नवीन आर्मेचरचाही धूर. म्हणून दोन्ही बाजूंच्या फील्ड कॉइलचा रेझिस्टन्स मल्टिमीटरवर वेगवेगळा मोजा. दोन्ही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत. एका बाजूचा स्पष्ट कमी आला तर फील्डही बदला. कम्युटेटरचंही तसंच: शेजारच्या दोन दोन पट्ट्यांमधला रेझिस्टन्स गोल फिरून मोजत जा, आकडा सगळीकडे एकसारखा आला पाहिजे. मध्येच एखादी जोडी वेगळी बोलली तर तीच रोगी.

मागच्या बॉडीत काय साठलंय तेही बघा. नुसती कोरडी पांढरी पूड असेल तर फुंकून जाते. पण बंदरावरच्या मशीनमध्ये बहुतेकदा राखाडी लगदा सापडतो. फायबरची पूड, मिठाचा ओलावा, कार्बनची काळी भुकटी आणि कुणीतरी मारलेला तेलाचा स्प्रे, सगळं एकत्र मळलेलं. बोटाने खरवडलं तर नखात अडकतं. हा लगदा कार्बनच्या (कम्युटेटरला टेकून त्याला करंट देणारा ब्रश) होल्डरपाशी जमला की कार्बन होल्डरमध्ये अडकतो, कम्युटेटरला नीट टेकत नाही, आणि मग ठिणग्यांची माळ उठते.

व्होल्टेज मोजायचं ते मशीनच्या टोकाला, आणि मशीन चालू असताना

गोडाऊनच्या बोर्डावर मीटर लावून "दोनशे तीस आहे" असं सांगणारे खूप भेटतात. तिथे असेल हो. बोटीपाशी किती आहे?

मोजायची पद्धत अशी. एक्स्टेन्शनच्या शेवटच्या टोकाला दोन सॉकेटचा बोर्ड असू द्या. एकात ग्राइंडर, दुसऱ्यात मल्टिमीटरच्या पिना, मीटर एसीच्या वरच्या रेंजवर. पिना सुक्या हाताने धरा, पायात रबरी बूट असू द्या, पाऊस चालू असेल तर हा उद्योग करूच नका. आधी मशीन बंद असताना आकडा बघा. मग मशीन मोकळं चालवा. मग दुसऱ्या माणसाला रोजच्यासारखं फायबरवर घासायला सांगा आणि तेव्हाचा आकडा बघा. तिसरा आकडा महत्त्वाचा. तो २१० च्या खाली जात असेल तर जड काम थांबवा आणि आधी वायरीचं बघा.

वायर किती खाते त्याचा हिशेब सोपा आहे. बाजारात मिळणारी १ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचिक वायर किलोमीटरला साधारण १९.५ ओहम धरते. गोडाऊनपासून बोटीपर्यंत ६० मीटर असेल तर करंट जाऊन परत येतो, म्हणजे १२० मीटर. झाले २.३ ओहम. चार इंची ग्राइंडर ४ अँपियर घेतो, त्याला ९ व्होल्ट वायरीतच गेले. ते चालून जाईल. पण सात इंची मशीन १० अँपियर घेतं, तिथे २३ व्होल्ट गेले. आणि पावसाळ्यात आमच्याकडे बोर्डावरच २१० असतं. म्हणजे मशीनला मिळाले १८७. त्यात दाबून घासलं की करंट आणखी वाढतो, वायर आणखी खाते.

तीच लांबी ४ स्क्वेअर एमएमच्या केबलने ओढली तर किलोमीटरला ५ ओहमच्या आसपास, म्हणजे एकूण ०.६ ओहम. सात इंची मशीनला फक्त ६ व्होल्टचा फटका. फरक एवढा आहे.

व्होल्टेज कमी मिळालं तर मशीन हळू चालेल, जळेल कशाला, असं बरेच जण विचारतात. मशीन हळू चालतं हेच दुखणं आहे. थंड करणारा पंखा त्याच शाफ्टवर बसवलेला असतो, तो पण हळू होतो. काम उरकत नाही म्हणून माणूस जोर लावतो. जोर लावला की करंट वाढतो, आणि उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: करंट दीडपट झाला तर उष्णता सव्वादोनपट. इकडे उष्णता वाढली, तिकडे वारा कमी झाला. वार्निश किती वेळ टिकणार?

वायरीबद्दल आणखी चार गोष्टी. ड्रमवर गुंडाळलेली केबल अर्धीच सोडून वापरू नका. गुंडाळी आतून तापते, इन्सुलेशन मऊ होऊन एकमेकांना चिकटलेल्या वायरी मी पाहिल्यात. जोड कमी ठेवा. पीळ घालून टेप मारलेला जोड खाऱ्या हवेत हिरवा पडतो आणि दर महिन्याला आणखी रेझिस्टन्स धरतो; हात लावून गरम लागला तर तोच जोड व्होल्टेज खातोय. एका वायरीवर दोन बोटींची मशीनं लावू नका, आणि शेजारी वेल्डिंग सेट चालू असेल तर तुमचा आकडा तो पेटला असताना घ्या. आणि स्वस्त वायर घेताना टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघा. वरून तांबूस आणि आतून पांढरी निघाली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर आहे. तिच्यात वरचा सगळा हिशेब आणखी बिघडतो.

काहीजण मशीनच्या टोकाला स्टॅबिलायझर लावतात. स्टॅबिलायझर व्होल्टेज वाढवून देतो, पण त्यासाठी वायरीतून जास्त करंट ओढतो, म्हणजे वायर आणखी खाते. लावायचाच असेल तर बोर्डापाशी लावा. खरं तर तेवढ्या पैशात जाड केबल येते.

माझं मत विचाराल तर प्रत्येक बोटवाल्याने वेगळी केबल घेण्यापेक्षा मच्छीमार सोसायटीने रॅम्पवर एक पेटी उभी करावी. जाड केबल, निळे इंडस्ट्रियल सॉकेट, ईएलसीबी (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच), वरून पत्र्याचं छप्पर. वर्गणी काढली तर दर बोटीमागे एका रिवाइंडिंगच्या बिलाएवढीही येणार नाही. पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढा आणि मग गंमत बघा.

जनरेटरवर काम करणाऱ्यांसाठी एवढंच: सात इंची मशीन सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढतं. छोटा पेट्रोल जनरेटर त्या झटक्याला बसतो. मशीनच्या वॅटच्या किमान दुप्पट क्षमतेचा जनरेटर धरा, किंवा सॉफ्ट स्टार्टवालं, म्हणजे हळूहळू वेग घेणारं, मशीन घ्या.

धूळ आणि मीठ

फायबर म्हणजे रेझिन या चिकट द्रावात बसवलेले काचेचे धागे, म्हणून फायबरची पूड म्हणजे काचेची पूड. ग्राइंडर मागच्या जाळीतून हवा आत ओढतो आणि पुढे गिअरच्या बाजूने सोडतो. ती हवा धुळीने भरलेली असेल तर दर सेकंदाला तारांच्या वार्निशवर बारीक काच आपटत असते. वार्निश झिजतं. पुढचं काम मीठ करतं.

मिठाची खोड अशी की हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की ते हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं. जून-जुलैत कोकणात आर्द्रता त्याच्या खाली क्वचितच येते. म्हणजे मशीनवर एकदा खारं बसलं की तो थर पावसाळाभर ओला राहतो. नुसती काचेची पूड वीज वाहून नेत नाही, पण खाऱ्या पाण्यात भिजलेली नेते. वार्निश झिजलेल्या जागी हा लगदा बसला की शॉर्ट ठरलेलाच.

उपाय साधे आहेत, पण रोज करावे लागतात. घासताना वारा तुमच्या पाठीकडून यावा असे उभे राहा, म्हणजे धूळ पुढे उडेल आणि मागच्या जाळीत कमी जाईल. बोटीच्या पोटात, जिथे वारा नाही, तिथे व्हॅक्यूमशिवाय घासू नका. डिस्कवर बसणारं प्लॅस्टिकचं कव्हर आणि त्याला व्हॅक्यूमचा पाइप, हा खर्च मशीन आणि फुप्फुस दोन्ही वाचवतो. चहाच्या सुट्टीला मशीन मोकळं चालवून मागच्या जाळीतून ब्लोअर मारा. कॉम्प्रेसरची हवा मारणार असाल तर आधी टाकीतलं पाणी काढा, नाहीतर धुळीत पाणी घालून लगदा तुम्हीच कराल. हवा हातभर अंतरावरून मारा. नळी जाळीला टेकवून मारली तर पूड बाहेर यायच्या ऐवजी आत ठासते.

जाळीवर कापड किंवा स्पंज बांधणारेही आहेत. धूळ अडते, पण हवाही अडते. जाळी तुंबली की मशीन पंधरा मिनिटांत तापतं. ठरावीक मशीनला मिळणारी बारीक जाळीची कव्हरं बरी, तीही दर तासाला झटकायची तयारी असेल तरच.

गंजाचा स्प्रे मोटरमध्ये मारणं बंद करा. नट सोडवायला तो उत्तम आहे. मोटरमध्ये तो धुळीला गोंद म्हणून काम करतो आणि कार्बनची वाट लावतो. मशीन पुसायचं तर गोड्या पाण्यात पिळून काढलेल्या फडक्याने बॉडी पुसा, मग सुकं फडकं, मग हवा. कम्युटेटर साफ करायचा असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो, तो वापरा आणि पूर्ण उडून जाईपर्यंत मशीन लावू नका.

सीझन संपल्यावर मशीन बोटीच्या इंजिन केबिनमध्ये टाकून देतात आणि पुढच्या मे महिन्यात थेट प्लग लावतात. त्याआधी एकदा ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजणारं मीटर) तपासून घ्या. तारेपासून बॉडीच्या धातूपर्यंत दोन मेगओहमपेक्षा कमी आलं तर मशीन आतून ओलं आहे. दोन दिवस कडक उन्हात उघडून ठेवा, परत मोजा, तरच चालवा. घरी ठेवताना झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर महिन्याला तव्यावर मंद आचेवर गरम केल्या की परत कामाला येतात, फक्त कागदी पुडी असेल तर दाणे बाहेर काढून गरम करा.

कार्बन

कार्बन सहा मिलिमीटरच्या खाली आला की बदला, आणि एकच बदलू नका, जोडी बदला. मापाचाच घ्या; थोडा मोठा आणून कानशीने घासून बसवलेला कार्बन होल्डरमध्ये तिरका बसतो. नवीन कार्बन टाकल्यावर मशीन दहा मिनिटं मोकळं चालवा, म्हणजे त्याचं तोंड कम्युटेटरच्या गोलाईला बसतं. बारीक निळसर ठिणगी दिसणं ठीक आहे. कम्युटेटरभोवती पूर्ण गोल लालपिवळी ठिणगी फिरत असेल तर कार्बन बदलून भागणार नाही, मशीन उघडा.

कोणत्या कामाला कोणतं मशीन

इथे सगळ्यात जास्त गोंधळ आहे. घरात एक चार इंची ग्राइंडर असतो आणि कापणं, गंज काढणं, फायबर घासणं, लाकूड घासणं, पॉलिश करणं, सगळं त्याच्याच माथी.

चार इंची मशीन म्हणजे १०० मिलिमीटरची डिस्क, मिनिटाला साधारण ११ हजार फेरे. गंजलेला बोल्ट कापायला, लोखंडावर वायर ब्रश मारायला बरं. दिवसभर फायबर घासायला ते बनवलेलंच नाही. फायबरचा जुना थर उतरवायचा तर पाच इंची, स्पीड कमीजास्त करता येणारं मशीन घ्या, रबरी पॅडवर ३६ नंबरची फायबर डिस्क. मोठ्या बोटीच्या तळाला सात इंची, पण त्याला जाड केबल हवीच. सपाटी आणण्यासाठी आणि रंगाआधी घासायला ऑर्बिटल सँडर, पाच इंची, व्हॅक्यूम जोडलेला. ग्राइंडरने रंगाआधीची घासाई केली तर चंद्रकोरीसारख्या खळग्या पडतात, त्या भरायला लांबी (पुट्टी) लागते, ती परत घासायला लागते. काम दुप्पट.

आता धोक्याचं. चार इंची मशीनचं गार्ड काढून त्यावर सात इंची डिस्क लावलेली मी बंदरावर पाहिली आहे. हिशेब करा. या डिस्कची कड सेकंदाला ८० मीटरपर्यंतच्या वेगासाठी बनवलेली असते. म्हणून सात इंची डिस्कवर ८,५०० फेऱ्यांची मर्यादा छापलेली असते. तीच ११ हजार फेऱ्यांवर फिरवली तर कडेचा वेग १०३ मीटरवर जातो. फुटलेल्या डिस्कचा तुकडा कुठे जाईल हे कुणी सांगू शकत नाही. मशीनचं काय होतं तेही वेगळं सांगायला नको: चार इंचीची मोटर सात इंची डिस्क ओढताना तापते, आणि ते आर्मेचर माझ्याकडे येतं.

स्विचकडेही बघून घ्या. सरकवून अडकणाऱ्या स्विचमध्ये पूड भरली की तो बंद होत नाही. हात सोडला की बंद पडणारा पट्टीवाला स्विच बोटीवरच्या कामाला कधीही चांगला. शिडीवर उभं राहून काम करणाऱ्याला तर तोच हवा.

लोखंडाचा वायर ब्रश स्टेनलेसवर फिरवू नका. लोखंडाचे कण स्टेनलेसमध्ये रुततात आणि महिन्याभरात चांगल्या स्टेनलेसला गंजाचे डाग येतात. मग लोक म्हणतात, माल बनावट दिला. स्टेनलेससाठी स्टेनलेसचाच ब्रश आणि वेगळी डिस्क ठेवा.

इम्पॅक्ट रेंच प्रॉपेलरचा घट्ट नट सोडवायला मस्त. पण स्टेनलेसचे छोटे नट त्याने आवळू नका. वेगाने आवळताना आटे तापून एकमेकांना चिकटतात, मग नट ना पुढे जातो ना मागे. आट्यांना ग्रीस लावून हाताने आवळा.

बॅटरीवरची मशीनं आता बंदरावर दिसू लागलीत. १८ व्होल्ट आणि २० व्होल्ट हा फरक डब्यावरचाच आहे. दोन्हीत पाच सेल एकामागे एक, चार्ज पूर्ण असताना २१ व्होल्टपर्यंत, काम करताना १८ च्या आसपास. ड्रिल, स्क्रू, दोनचार बोल्ट कापणं, यासाठी घ्याच. विशेषतः बोटीच्या पोटात, जिथे पायाखाली पाणी असतं, तिथे ती २३० व्होल्टपेक्षा हजारदा बरी. पण दिवसभर फायबर घासायची अपेक्षा ठेवू नका. १८ व्होल्ट ४ अँपियर-अवरची बॅटरी म्हणजे ७२ वॅट-अवर. ग्राइंडर ६०० वॅट ओढत असेल तर सात मिनिटांत संपली. ब्रशलेस मोटरचं मशीन घेतलंत तर कार्बनचा प्रश्न उरत नाही, मात्र बॅटरीच्या पट्ट्यांवर खारं बसू देऊ नका आणि उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका.

हवेवरची मशीनं, म्हणजे न्यूमॅटिक, बोटीच्या कामाला सगळ्यात योग्य. जळत नाहीत, करंट लागत नाही, पाण्याने ओलं करून घासता येतं. अडचण कॉम्प्रेसरची. दोन हॉर्सपॉवरचा कॉम्प्रेसर सँडरला हवा पुरवताना दम टाकतो. मोठा कॉम्प्रेसर असलेल्या यार्डात काम असेल तरच याचा विचार करा.

विकत घेताना डब्यावरचे वॅट बघून भुलू नका. ते मशीन किती वीज ओढतं त्याचे असतात, किती काम देतं त्याचे नव्हेत. मी गिऱ्हाईकाला एकच विचारतो: याचं आर्मेचर, कार्बन आणि स्विच रत्नागिरीत मिळतं का? कोल्हापूरहून मागवायचं म्हणजे ऐन बंदीतले तीनचार दिवस गेले.

करंट आणि आग

ओल्या चिखलात उघड्या पायाने ग्राइंडर चालवणारा खलाशी दरवर्षी दिसतो. लाइनीला ३० मिलिअँपियरचा ईएलसीबी हवाच, आणि रोज सकाळी त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघा. सारखा पडतो म्हणून थेट जोडून टाकू नका. मशीन काढून नुसती वायर लावा. तरीही पडला तर कुठला तरी जोड पाण्यात आहे. जोड बांबूवर उचलून बांधा. छोट्या जनरेटरवर ईएलसीबी नुसता लावून चालत नाही, कारण त्याचा न्यूट्रल बहुधा कशालाच जोडलेला नसतो आणि ईएलसीबीला लीकेज कळतच नाही. ते वायरमनकडून जोडून घ्या. मशीनवर चौकोनात चौकोन अशी खूण असेल तर ते डबल इन्सुलेशनचं आहे आणि त्याला अर्थिंगची पिन नसते. पण ते सुकं असेपर्यंतच. आत खारं पाणी गेलं की त्या खुणेला अर्थ नाही.

ग्राइंडरच्या ठिणग्या आणि रेझिन एकाच ताडपत्रीखाली नकोत. ओल्या रेझिनची वाफ साध्या ३१-३२ अंशांवरही पेट घेऊ शकते, ॲसिटोन तर त्याहून आधी. रेझिन घट्ट करायला घालतात ते हार्डनर आणि कोबाल्ट थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये, नीट ढवळून, मग हार्डनर. आणि तळाचा लाल रंग सुका घासू नका. त्यात तांब्याचं संयुग असतं, शिंपल्यांना मारणारं. पाणी लावून हाताने वॉटर पेपर मारा. तोंडावर रुमाल बांधून फायबर घासणाऱ्याला संध्याकाळी खोकला येतो तो हवेमुळे नाही. साधा एन-९५ पुडीला चालतो, रेझिनच्या वाफेला नाही. तिला वाफ शोषणारं काडतूस लावलेला मास्क लागतो.

तरीही जळत असेल तर

मशीन दुकानात आणताना सोबत चार गोष्टी आणा: घासताना मशीनच्या टोकाला किती व्होल्टेज होतं, वायर किती लांब आणि किती जाड, डिस्क कोणती लावली होती, आणि मशीन बंद पडण्याआधी वेग कमी झाला होता की एकदम थांबलं. वेग हळूहळू कमी होत गेला असेल तर आपण व्होल्टेज आणि ताण या वाटेने जाऊ. एकदम थांबलं असेल तर स्विच, कार्बन, किंवा तुटलेली वायर. त्यात आर्मेचरला बहुधा काही झालेलं नसतं, आणि बिल पन्नास-शंभरात भागतं. काढलेले जुने कार्बनही फेकू नका, डबीत घालून आणा. त्यांचं तोंड एका बाजूने झिजलंय की मधोमध, त्यावरून होल्डर तिरका आहे का ते कळतं.